शाळेतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध वर्ग: सत्तरीतील आमचा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत, पणजीच्या एका प्रशिक्षण संस्थेने सकाळी मुलांसाठी आणि दुपारी शिक्षकांसाठी असा एक दिवसाचा वर्ग घेतला.

मुलांचा वर्ग उत्तम झाला. प्रशिक्षिकेने चौथीच्या मुलांच्या हातांना तेलात कालवलेली हळद लावली आणि रोजच्यासारखे हात धुऊन यायला सांगितले. मुले परतली तेव्हा तळवे स्वच्छ होते, पण अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांत पिवळा रंग तसाच होता. त्यानंतर वीस सेकंद साबण का चोळायचा, हे कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. मग त्यांनी मुलांना मागच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेले आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विरीतले (पानाच्या बुंध्याशी असलेल्या खोलगट आवरणातले) पाणी पांढऱ्या वाटीत ओतून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते, ही गोष्ट मलाही त्या दिवशीच नीट कळली.

शिक्षकांच्या वर्गातील सर्वांत मोलाची सूचना म्हणजे, डेंग्यूत ताप उतरला की धोका टळला असे समजू नये. पोटात तीव्र कळा, सततच्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त ही लक्षणे बहुधा त्याच सुमारास दिसतात. कांजिण्या झालेल्या मुलाने सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहावे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

तक्रारी दोन आहेत आणि त्या गंभीर आहेत. गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा संपूर्ण दिवसात उल्लेखही झाला नाही. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला हा रोग २०१५ पासून आमच्या तालुक्यात आढळतो आहे, आणि आमची मुले काजूच्या हंगामात रानात जातात, तोच गोचिडींचा काळ असतो. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, एवढे तरी सांगायला हवे होते. दुसरे म्हणजे, मध्यान्ह आहार शिजवणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायकांना कोणी बोलावलेच नाही, आणि पत्रके इंग्रजीत असल्याने ती त्यांच्या हाती देऊनही उपयोग झाला नसता.

आम्ही या संस्थेला पुन्हा बोलावणार आहोत, मात्र गोचिडींचा काळ सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरपूर्वी, मराठी पत्रकांसह आणि स्वयंपाकाची घाई सुरू होण्याआधीच्या वेळेत.