लक्सिलॉन ॲल्यू पॉवर १.२५: सगळे चेंडू परत आणणाऱ्यापुढे कितपत चालते?

पाय वेगवान, हात स्थिर, चूक जवळजवळ शून्य. अशा प्रतिस्पर्ध्याला नुसत्या जोराने हरवायला गेलं की चौथ्या-पाचव्या फटक्याला आपलाच चेंडू बाहेर जातो. त्याला डावी-उजवीकडे पळवणंही फुकट, कारण तेच त्याला आवडतं. पळवायचं ते पुढे-मागे. टेनिस रॅकेटच्या १.२५ मिमी जाडीच्या ॲल्यू पॉवर या स्ट्रिंगची, म्हणजे तारांची, खरी परीक्षा इथेच होते.

हुकमी फटका म्हणजे आखूड क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका मारून नेटजवळ पाडलेला चेंडू. नेट मधोमध ९१ सेंमी उंच, तिथून सर्व्हिस लाइन ६.४० मीटर. चेंडू नेटवरून काढून त्या रेषेच्या आत, साइडलाइनजवळ पाडायचा तर भरपूर टॉपस्पिन हवा, म्हणजे चेंडूला झटकन खाली आणणारी पुढची फिरकी. या गुळगुळीत पॉलिएस्टरच्या उभ्या तारा चेंडूबरोबर सरकतात आणि झटकन जागेवर येतात. स्पिन मिळतो तो त्यामुळे. प्रतिस्पर्धी बाहेर खेचला गेला की पुढचा चेंडू मोकळ्या जागेत नको, तो धावत परततोय त्याच्या पाठीमागे मारा. मध्येच बुटका स्लाइस (उलट्या फिरकीचा कापलेला फटका) टाकून त्याला नेटजवळ आणा आणि त्याच्या डोक्यावरून उंच टॉपस्पिन लॉब. नवी स्ट्रिंग असताना हे सगळं छान जमतं.

मात्र ही स्ट्रिंग फुकटचा जोर देत नाही. स्विंग लहान किंवा संथ असेल तर चेंडू कोर्टाच्या मध्यावर आखूड पडतात, आणि असा खेळाडू ते सोडत नाही. लहान मुलांनी आणि कोपर दुखणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी अडचण टेन्शनची, म्हणजे तारांच्या ताणाची. पॉलिएस्टर तुटण्याआधीच ढिलं पडून मरतं. तुटत नाही म्हणून सहा महिने त्याच तारा वापरणं ही क्लबातली नेहमीची चूक. सरकलेल्या उभ्या तारा आपोआप जागेवर येईनाशा झाल्या, नेहमीच्या स्विंगला चेंडू हातभर लांब जायला लागला, की कापून टाका. एका पाकिटात १२.२ मीटर, म्हणजे एका रॅकेटचं काम. सिंथेटिक गटवरून (नायलॉनच्या साध्या तारांवरून) येत असाल तर टेन्शन साधारण १० टक्के उतरवा: ५६ पौंडाच्या जागी ५० सांगा.

ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने १९९७ ची फ्रेंच ओपन लक्सिलॉनच्याच पॉलिएस्टरवर जिंकली होती, पण त्याचा स्विंग केवढा मोठा! तुमचा मध्यम असेल तर हायब्रिड करून घ्या. उभ्या तारा ॲल्यू पॉवरच्या, आडव्या मऊ मल्टिफिलामेंटच्या (अनेक बारीक धाग्यांच्या) आणि त्या दोन पौंड जास्त ताणाच्या. स्पिन थोडा घटतो, कोपराला आराम पडतो.