मधुमेहाच्या आहाराचा सल्ला: ॲपवर, तालुक्याला की सरकारी दवाखान्यात?

आईला साखर निघाली आणि घरात पहिला वाद पेटला तो भातावरून. "भाताशिवाय माका जेवल्यासारख्या वाटना नाय," हे तिचं पालुपद. दोन वर्षांत आम्ही सल्ल्याच्या तिन्ही वाटा चालून पाहिल्या. कुठे जावं या विचारात असाल तर आमचा अनुभव ऐका.

सुरुवात केली मोबाइलवरून. पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी तक्ता हजर: सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, रात्री ब्रोकोलीचं सूप. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली! आईने तक्ता वाचला आणि बांगडे साफ करायला घेतले. एक मात्र कबूल करतो, घरच्या मशीनवरची साखर रोज व्हॉट्सॲपवर टाकली की तिकडून उत्तर यायचं. ही पाठपुराव्याची सोय बाकी दोन्हीकडे नाही. पण ताटाचा फोटो पाहून कढीत नारळ किती आणि भाताचा थर किती जाड, हे मुंबईत बसून कळत नाही.

मग तालुक्याच्या आहारतज्ज्ञ बाई. त्यांनी विचारलं, "भात किती?" आई म्हणाली, "एक वाटी." बाईंनी टेबलावर तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या मांडल्या. आईने एकीलाही हात लावला नाही, दोन्ही तळव्यांची ओंजळ करून म्हणाली, "आमची वाटी ही एवढी." ती ओंजळ म्हणजे बाईंच्या मोठ्या वाटीच्या दुप्पट तरी होती. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पोटात त्यांचीच साखर होते, तेव्हा खरा घोळ तिथेच होता. भात बंद झाला नाही. उकड्या तांदळाचा, बाईंच्या मापाने एक वाटी, सोबत कुळथाची पिठी, मासा आणि पालेभाजी.

नाचणी कितीही खाल्ली तरी चालते, हा गैरसमजही तिथेच फिटला. नाचणीच्या पिठात तांदळाच्या जवळपास तेवढीच कर्बोदकं असतात. तिचा फायदा चोथ्याचा आणि कॅल्शियमचा. म्हणून भाकरी एकच, आणि पातळ आंबील पेल्यावर पेले तर नकोच. हापूसच्या 100 ग्रॅम गरात 15 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. अर्धा आंबा खायचा तर त्या जेवणात भात कमी, आणि रस काढायचा नाही, फोडी खायच्या. सुकटीबद्दल बाईंनी साखरेपेक्षा मिठाची काळजी केली, कारण आईला बीपीही आहे.

सरकारी उपजिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी क्लिनिकमध्ये, म्हणजे मधुमेह, बीपी अशा असंसर्गजन्य आजारांच्या विभागात, तपासणी आणि गोळ्या फुकट. सल्ला गर्दीत, पाच मिनिटांचा: साखर बंद, गूळ बंद, बटाटा बंद. आहारापुरता हा सल्ला अपुराच. पण शेजारीच डॉक्टर असतात, आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा इन्सुलिन असेल तर हीच गोष्ट सगळ्यात मोठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना डोस तोच ठेवून जेवण घटवलं, किंवा श्रावणातला उपास धरला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. ॲपच्या तक्त्यात यातलं अक्षर नव्हतं.

माझं मत विचाराल तर नुकतीच साखर निघालेल्याने पहिली भेट समोरासमोर घ्यावी, पुढच्या फोनवर चालतील. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर आधी डॉक्टर, ॲप अजिबात नाही. फी आणि शिक्षण आधीच विचारा. 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, असेल तर उत्तम. नुसतं न्यूट्रिशनिस्ट कुणीही लावतं.

आणि जाताना घरची वाटी पिशवीत टाका. एसटी उशिरा येईल हे धरूनच चला: सकाळची गोळी घेऊन उपाशीपोटी निघू नका, डब्यात एक घावन आणि खिशात साखरेची पुडी असू द्या.