मिनी पीसी राउटरसाठी साधा यूपीएस की डीसी यूपीएस?

घरच्या नेटवर्कसाठी इंटेल एन१०० प्रोसेसरचा, १२ व्होल्टवर चालणारा मिनी पीसी राउटर म्हणून वापरत असाल, तर वीज गेल्यावर त्याला आधार देण्याचे दोन मार्ग आहेत. साधा यूपीएस बॅटरीतील १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि अडॅप्टर ते पुन्हा १२ व्होल्टवर आणतो. या दुहेरी रूपांतरात ऊर्जा वाया जाते. फायबरचा ओएनटी (फायबरची तार घरातल्या नेटवर्कला जोडणारी पेटी) मात्र त्याच्यावर सहज जोडता येतो. डीसी यूपीएस थेट १२ व्होल्ट देतो, म्हणून मला तोच अधिक योग्य वाटतो. परंतु २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॅटचा डीसी यूपीएस ३ अँपिअरचा अडॅप्टर लागणाऱ्या यंत्राला भार वाढताच अपुरा पडू शकतो, त्यामुळे अडॅप्टरवरील आकडे आधी वाचावेत. दोन्ही बाबतींत, वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होण्याची बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) सोय चालू ठेवावी.