नाशिकच्या कॉलेज रोडचा वीकेंड जावास्क्रिप्ट क्लास: साडेतीन स्टार
बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय. क्लास चांगलाय, पण कोणते सर आहेत ते आधी विचारा आणि मगच बॅच घ्या.

आमच्या सरांनी नुसत्या || (दोन पाइप, 'किंवा' अर्थाचं चिन्ह) वर अख्खं लेक्चर घेतलं आणि खरं सांगू, फीचे पैसे तिथेच वसूल. आपण सगळे नाव || 'पाहुणे' (नाव नसेल तर 'पाहुणे') असं बिनधास्त ठोकून देतो, पण ते चालतं कशामुळे तर जावास्क्रिप्टमध्ये || ट्रू-फॉल्स परत देतच नाही, डावीकडची व्हॅल्यू ट्रुथी (खरी धरली जाणारी) असली की तीच जशीच्या तशी देतं आणि उजवीकडे ढुंकून बघत नाही, तिथे फंक्शन कॉल ठेवला असेल तर तो होतच नाही. पीएचपी या दुसऱ्या भाषेत हीच ओळ लिहा, नावाच्या जागी 1 छापून येईल, कारण तिथे || फक्त ट्रू-फॉल्स देतं.

मग सरांनी मिसळ ऑर्डरचा फॉर्म समोरच बनवला. तिखट 0 ते 5, काहीच निवडलं नाही तर 3. ओळ काय, तिखट || 3. आता नाशकात राहून बिनतिखट मिसळ मागणं हाच मुळात गुन्हा, पण समजा आजीसाठी कोणी 0 टाकलं, तर स्क्रीनवर 3! 0 फॉल्सी (खोटं धरलं जाणारं) ना, म्हणून उजवीकडचं घेतलं. रिकामी स्ट्रिंग, एनएएन ('हा आकडाच नाही' सांगणारी व्हॅल्यू), त्यांचीही तीच गत. रुबीत मात्र 0 ट्रुथी आहे, म्हणजे भाषा बदलली की हे सगळं परत तपासायचं. सरांनी || खोडून ?? टाकलं, ते डावीकडे फक्त नल किंवा अनडिफाइंड (म्हणजे व्हॅल्यूच नाही) असेल तरच उजवीकडचं घेतं, आजीचा 0 तसाच राहिला. आणि || व ?? हे दोन्ही एका ओळीत कंस न घालता लिहिले तर सरळ सिंटॅक्स एरर (कोड चालतच नाही), तेही करून दाखवलं.

आता रडगाणं. ?? 2020 च्या स्टँडर्डमध्ये आलंय आणि क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून त्याचा पत्ता नाही, सर शिकवतात एक आणि नोट्समध्ये भलतंच. मागच्या रांगेतून प्रोजेक्टरवर पाइप आहे की 1 आहे तेच कळत नाही, पुढे बसा. असाइनमेंट कोणी तपासत नाही. पार्किंगचं तर बोलूच नका, सातपूर-अंबडकडून येणार असाल तर सकाळची बॅच बघा. फी हप्त्याने चालते पण पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.