शेव्हरले सी-१० च्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक : तयार संचाचे परीक्षण

१९७३ ते १९८७ या काळातील शेव्हरले सी-१० पिकअपना पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच मिळालेले आहेत. मागे मात्र ड्रम आहेत, म्हणजे चाकासोबत फिरणारी पोकळ भांडी, ज्यांना आतून शू नावाचे घर्षणपट्टे दाबून थांबवतात. हे ड्रम उतरवून त्यांच्या जागी डिस्क बसवण्याचे तयार संच अमेरिकेत अनेक विक्रेते विकतात आणि त्यांतील बहुतेकांची घडण एकाच धाटणीची असते : एक्सलच्या टोकाला बसणारे दोन ब्रॅकेट, दोन रोटर (चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्या, म्हणजेच डिस्क), शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सच्याच जुन्या मोटारींवरून घेतलेल्या नमुन्याचे दोन कॅलिपर (रोटरला दोन्हीकडून चिमटणारे भाग), त्यांतले घर्षणाचे पॅड आणि लवचीक नळ्या. मिशिगनमध्ये राहून अशी जुनी, टू-व्हील ड्राइव्ह गाडी वापरणाऱ्या माणसाने या संचाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

ब्रेक दाबल्यावर गाडी कमी अंतरात थांबेल, या आशेने हा संच घेणाऱ्याची निराशा होईल. ब्रेक लागताना वजन पुढे सरकते, थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात, आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग तर इतका हलका असतो की चांगल्या स्थितीतील ड्रमही ती चाके सहज जाम करू शकतात. डिस्कचा खरा फायदा दिसतो तो ओझे घेऊन किंवा ट्रेलर ओढत लांब उतार उतरताना, कारण उघड्या रोटरमधून उष्णता लवकर निघून जाते आणि एकामागून एक ब्रेक लावले तरी पकड मंदावत नाही. पाण्यातून गेल्यावरही डिस्क लवकर कोरडी होते. लायनर बदलताना स्प्रिंगा आणि खिळ्यांशी झुंजावे लागत नाही, हे सुखही लहान नाही.

बसवण्याचे काम किचकट नसले तरी वेळखाऊ आहे. या गाडीच्या एक्सलचे दांडे डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना फिरवणाऱ्या मधल्या गिअरपेटीच्या) आत सी आकाराच्या क्लिपांनी अडकवलेले असतात; त्यामुळे जुनी बॅकिंग प्लेट (ड्रमच्या मागची, शू धरून ठेवणारी पत्र्याची तबकडी) अखंड काढायची तर डिफरन्शियलचे झाकण उघडून, गिअर ऑइल सांडून, आडवी पिन काढून दोन्ही दांडे बाहेर ओढावे लागतात. एवढे उघडलेच आहे तर एक्सलची सीलही त्याच वेळी बदलावीत, कारण गळणाऱ्या सीलमधून आलेले ऑइल नव्या पॅडचा नाश करते. मला मिळालेल्या संचातील एका ब्रॅकेटची भोके कानसीने थोडी मोठी करावी लागली, आणि सोबतच्या सूचनापत्रात छायाचित्रे होती ती वेगळ्याच एक्सलची. कॅलिपर बसवताना हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा उलटा बसला तर कितीही पंप मारले तरी आतली हवा निघत नाही.

किंमत पाहताना संचात काय नाही हे आधी वाचावे. ड्रममध्ये फिरते ड्रम शूला स्वतःच आत ओढून घेते, म्हणून थोड्या दाबातही पकड बसते. डिस्कला ही मदत नसल्याने तिला अधिक दाब लागतो. जुना, डिस्क-ड्रम जोडीसाठीचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकना दाब वाटून देणारी झडप) तसाच ठेवला तर मागच्या डिस्क जवळजवळ शोभेपुरत्याच उरतात. चारही चाकांच्या डिस्कसाठीचा व्हॉल्व्ह किंवा मागचा दाब हाताने जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह वेगळा घ्यावा लागतो, आणि तो जुळवताना मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होणार नाहीत अशाच बेताने जुळवावा लागतो, अन्यथा ओल्या रस्त्यावर गाडीचे शेपूट पुढे येते. पेडलने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडरही पाहावा : ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह त्यात असेल तर तो पेडल सोडल्यावरही सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब नळीत धरून ठेवतो आणि पॅड रोटरवर सतत घासत राहतात.

सर्वाधिक विचार करण्याजोगा भाग म्हणजे हँडब्रेक. स्वस्त संचांत तो नसतोच, आणि हँडब्रेकशिवाय असे वाहन रस्त्यावर आणणे मला मुळीच मान्य नाही. ज्यांत असतो त्यांत बहुधा जुन्या कॅडिलॅक एल्डोरॅडोच्या धाटणीचे कॅलिपर येतात. त्यांच्या पाठीवरील लिव्हर ओढला की आतला स्क्रू फिरून पिस्टनला पुढे ढकलतो, आणि पॅड झिजल्याने पडणारी फटही याच लिव्हरच्या हालचालीने भरून निघते. याचा अर्थ असा की हँडब्रेक नियमित वापरला नाही तर फट वाढत जाते आणि ब्रेकचे पेडल खाली खाली जाऊ लागते; मग मालक बिचारा मास्टर सिलिंडर बदलत बसतो. या कॅलिपरांची बरीचशी बदनामी या एकाच कारणाने झालेली आहे. बसवतानाही केबल जोडण्यापूर्वी लिव्हर पुन्हा पुन्हा हलवून पॅड रोटरच्या अगदी जवळ आणावे लागतात. केबलची लांबी गाडीच्या मूळ, पायाने दाबायच्या पार्किंग ब्रेकशी जुळत नाही, तेव्हा जोडकेबलीचा खर्च धरूनच ठेवावा.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या प्रदेशात आणखी एक गोष्ट तोलावी लागते. कमी राबणाऱ्या मागच्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. ड्रमचे आतले भाग त्या मानाने झाकलेले राहतात. जनरल मोटर्सने स्वतः १९९९ च्या सिल्व्हराडो १५०० या पिकअपला मागे डिस्क दिल्या आणि २००५ मध्ये पुन्हा ड्रमकडे वळली, तर टोयोटाच्या टाकोमा पिकअपने २०२३ पर्यंत ड्रम सोडले नाहीत. तेव्हा ड्रम म्हणजे मागासलेपणा, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. महाराष्ट्रात जुन्या पिकअपवर असाच प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत केलेले बदल तेथे सहज चालवून घेतले जात नाहीत.

ट्रेलर ओढणाऱ्या आणि पुढचे ब्रेक, टायर व नळ्या आधीच नीट असलेल्या मालकाने हँडब्रेकसह येणारा संच जरूर घ्यावा. इतरांनी तेच पैसे पुढचे चांगले पॅड आणि नवे ब्रेक ऑइल यांवर घालावेत. मागणी नोंदवण्यापूर्वी स्वतःच्या रिमच्या आत कॅलिपर मावतो का, हे मात्र मोजून पाहावे. १५ इंची रिममध्ये जागा बेताचीच असते आणि उघडून वापरलेला संच विक्रेते परत घेत नाहीत.