दुसरा ओटीपी

आमचं दापोलीजवळ दोन खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी टीव्हीवर एका ओटीटीचं वर्षभराचं खातं घेतलं होतं, ह्यांच्या मोबाइल नंबरवर. मे महिन्यात चार मुलं उतरली. बोलायला गोड, जेवणाचं कौतुक करणारी. रात्री त्यातला एक स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "वहिनी, टीव्ही लॉगआउट झालाय. दादांच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांगा ना."

मी सुरमई तळत होते, ह्यांचा फोन ओट्यावरच होता. सहा आकडे वाचून दाखवले. दोन मिनिटांत परत हजर. "तो चुकला वाटतं, दुसरा आलाय बघा." तोही दिला. मेसेज इंग्रजीत, मी आकड्यांपुरतंच बघितलं. नंबर बदलण्यासाठीचा ओटीपी आहे, असं त्यात चक्क लिहिलं होतं. पहिल्या ओटीपीने त्याने खातं स्वतःच्या फोनवर उघडलं, दुसऱ्याने ते आमच्या हातून काढून घेतलं. टीव्ही लॉगआउट झाला नव्हता, केला होता.

दहा दिवसांनी पुढचे पाहुणे म्हणाले, टीव्ही लागत नाही. कस्टमर केअर म्हणे, या नंबरचं खातंच नाही. ऑटोपे मात्र ह्यांच्याच यूपीआयवर चालू! ते आधी बंद केलं, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्या मुलाचा फोन तेव्हापासून बंद.

मग भाच्याने वाय-फायही तपासलं आणि मला घाम फुटला. पासवर्ड तीन वर्षं तोच, फ्रेम करून भिंतीवर लावलेला (माझीच हौस). एका पाहुणीने खोलीचे फोटो रिव्ह्यूत टाकले होते, त्यात ती फ्रेम अगदी स्वच्छ वाचता येत होती. राउटरचं लॉगिन अजून कंपनीकडून आलेलं तेच, नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. आमचा सीसीटीव्ही त्याच नेटवर्कवर. आणि कोणी आमच्या कनेक्शनवरून काही वेडंवाकडं केलं असतं, तर पोलीस आधी आमच्याच दारात आले असते.

आता पाहुण्यांचं गेस्ट नेटवर्क वेगळं आहे, त्याचा पासवर्ड दर आठवड्याला बदलतो. राउटरचं लॉगिन बदललं. टीव्हीवर आमचं कसलंच खातं नाही, ज्याने त्याने आपलं उघडावं. तेही विसरून जातात म्हणा. परवा एक कुटुंब गेल्यावर टीव्ही लावला तर त्यांची प्रोफाइलं तशीच. मी फोन करून सांगितलं आणि लॉगआउट केलं. त्या बाई म्हणाल्या, "अहो राहू द्या ना, तुम्हीच बघा."