पडद्यांचा रंग आम्हीच निवडला

ज्या माणसाने आम्हाला बुडवलं, त्याची शिफारस मी स्वतः दोन घरी केली होती. म्हणून हे लिहायला बसले.

हे बँकेतून निवृत्त झाले आणि ठरलं, आता नर्मदेच्या काठाकाठाने हिंडायचं, तेही हॉटेलं न शोधता. इंदूरला राहून घरगाडीचं, म्हणजे आत झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचं वेड लागणं काही नवल नाही. त्यासाठी लागणारी ट्रॅव्हलर मिनीबस इथून तासाभरावर पीथमपूरलाच बनते, आणि वापरलेल्या गाड्याही सहज मिळतात. आम्ही 2017 ची तेरा सीटर घेतली. तो व्यवहार चोख झाला. ह्यांनी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र ऑनलाइन तपासलं, कर्जाचा बोजा उतरलाय ते पाहिलं, गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 स्वतः भरले. इतकी काळजी घेणारी माणसं पुढच्याच पायरीवर तोंडावर आपटली.

गाडीचं घर करून देणारं गॅरेज सांवेर रोडच्या बाजूला होतं. मालक मराठी. "काकू, तुम्ही लोकमान्य नगरच्या ना? माझी मावशी तिथेच असते." लगेच पोहे-जिलबी मागवली. इंदुरात कारागीर मराठी बोलायला लागला की आपण अर्धे तिथेच विरघळतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. कोटेशन 6 लाख 40 हजारांचं: 200 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी, 2000 वॅटचा इन्व्हर्टर, छतावर सोलर, शंभर लिटरची पाण्याची टाकी, पत्र्याच्या आत नायट्राइल रबरचं इन्सुलेशन, वॉटरप्रूफ प्लायची कपाटं. आणि "आरटीओचं माझ्यावर सोडा काका." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "उगाच अठरा टक्के जीएसटी कशाला भरता?" आम्हालाही ते पटलं, हे कबूल केलंच पाहिजे. 4 लाख रोख दिले, बाकीचे यूपीआयने.

आता त्याची खरी कला सांगते. दर दोन दिवसांनी मला फोन यायचा. काकू, सनमायका अक्रोडी की पांढरा? काकू, पडदे मोरपंखी की मातकट? मी सॅम्पलं घेऊन खिडकीच्या उजेडात धरून बसायची. आम्ही गॅरेजवर गेलो की तो आम्हाला थेट कपड्यांच्या थानांपाशी बसवायचा. गाडीत जायला निघालो तर "आत वेल्डिंग चालू आहे, डोळ्यांना त्रास होईल." पत्रा, त्यावर इन्सुलेशन, त्यावर वायरिंग आणि मग पॅनल अशी ही गाडी बाहेरून आत बनत येते. पॅनल ठोकलं की खालचं सगळं पडद्याआड. ते ठोकलं गेलं त्या आठवड्यात मी उशांच्या खोळी निवडत होते.

गाडी दिसायला सुंदर होती. आल्यागेल्याला दाखवली. शिफारस केलेली ती दोन घरं याच दिवसांत त्याच्याकडे गेली.

पहिला मुक्काम महेश्वरला. संध्याकाळी इंडक्शनवर चहा ठेवला तर इन्व्हर्टर किंचाळायला लागला आणि पलंगाखालून रबर तापल्यासारखा वास आला. बंद केलं, नवीन आहे म्हणून सोडून दिलं. रात्री अडीचला पंखे थांबले, फ्रिज थांबला.

हिशेब साधा आहे, आधी केला असता तर बरं झालं असतं. 12.8 व्होल्ट गुणिले 200 म्हणजे 2560 वॅट-अवर. छोटा बारा व्होल्टचा फ्रिज चालताना 45 वॅट घेतो आणि साधारण अर्धा वेळ चालतो, म्हणजे दिवसाचे पाच-साडेपाचशे. पंचवीस वॅटचे दोन पंखे रात्रभर, आणखी पाचशे. दिवे आणि मोबाइल धरले तरी दोन दिवस आरामात निघायला हवेत. आमची एक रात्रही निघाली नाही.

मल्हारगंजचा एक मुलगा ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो, त्याला घरी बोलावलं. त्याने डबा हातात घेऊन हलवला आणि तो हसलाच. स्क्रू काढले. आत बोटभर उंचीच्या जाड गोल सेलची रांग होती, आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, सुतळीने बांधलेल्या. रेती. "आंटी, आधी तो रेती ख़रीदी है आपने." तो सेल सहा अँपियर-अवरचा असतो, आणि बारा व्होल्टसाठी असे चार सेल एकापुढे एक जोडावे लागतात. म्हणजे दोनशे भरायला चार-चारच्या 34 ओळी, 136 सेल हवेत. आमच्या डब्यात साठ होते. सेलवर आधी कुठेतरी जोडलेले असल्याच्या डागांच्या खुणा होत्या. त्याच्या मते ते जुन्या सोलर दिव्यांतून काढलेले असावेत. वजन मात्र पिशव्यांमुळे बरोबर भरत होतं.

पैशांचं दुःख आहेच, पण पुढचं ऐकून ह्यांनी खुर्ची धरली. इन्व्हर्टरला जाणारी वायर दहा स्क्वेअर एमएमची. बारा व्होल्टवर इंडक्शन चालवलं की शंभरच्या वर अँपियर वाहतात. तिथे निदान पस्तीसची केबल लागते, आणि बॅटरीच्या प्लस टोकापाशीच फ्यूज. आमच्याकडे फ्यूज नव्हताच. त्याच्या जागी घरातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, जो घरात येणाऱ्या एसी विजेसाठी बनवलेला असतो. बॅटरीच्या डीसी विजेची ठिणगी त्याला विझवता येईलच असं नाही. पाच किलोचा गॅस सिलिंडर पलंगाखालच्या बंद खणात होता. गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो, म्हणून खणाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक लागतं. तेही नव्हतं. म्हणजे महेश्वरच्या त्या रात्री आम्ही दोघं गॅसच्या सिलिंडरवर आणि बिनफ्यूजच्या वायरवर झोपलो होतो.

बाकीचं भराभर सांगते. इन्सुलेशनच्या जागी थर्माकोलचे तुकडे, वॉटरप्रूफ प्लायच्या जागी पार्टिकल बोर्ड, जो सिंकखाली एवढ्यातच फुगलाय.

आणि आरसी. त्याने शिक्का मारलेला एक झेरॉक्स दिला होता. ऑनलाइन पाहिलं तर गाडी अजून तेरा सीटरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायचे तर आरटीओची परवानगी लागते, आणि कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा घरगाड्यांसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. विमा एजंटने सरळ सांगितलं, "काका, आग लागली असती तर क्लेम विसरा." आम्ही विमा कंपनीला काही कळवलंच नव्हतं.

जाब विचारायला गेलो तर तो तितकाच गोड. "काकू, बॅटरी मी बाहेरून घेतो, मलाही फसवलंय." मग फोन उचलणं बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, आता जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आमचा त्याहून मोठा होता; आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल?" आमच्याकडे कच्ची चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी आणि पडद्यांच्या रंगाबद्दलचे चाळीस-एक मेसेज. बॅटरीबद्दल एकही नाही.

कोणी अशी गाडी करायला टाकणार असेल तर पॅनल ठोकायच्या आधी न सांगता जा. वायरची जाडी तिच्यावर छापलेली असते, तिचा फोटो काढा. बॅटरी तुमच्यासमोर उघडून घ्या किंवा कंपनीच्या सीलबंद खोक्यात पक्क्या बिलासकट आणा; वजनावर विश्वास ठेवू नका. शेवटचा मोठा हप्ता आरसीवर बदल चढल्यावर द्या. गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं घालून तोला. आमची टाकी मागे बसवलीय, भरली की शंभर किलो एकाच टोकाला.

त्या दोन घरांना मी फोन केला. एकांनी अजून काही दिलं नव्हतं. दुसरे देवासचे, दीड लाख देऊन बसलेत. शुक्रवारी ते गॅरेजवर जाऊन आले. त्यांच्या गाडीचा पत्रा अजून उघडा आहे, बॅटरी आलेली नाही, वायरिंगचा पत्ता नाही.

पडद्यांचा रंग मात्र ठरलाय. मोरपंखी.